बेचाळीस वॉटची उष्णता

मरोळच्या गाळ्यात आम्ही दोघे ॲम्प्लिफायर बनवायचो. सर्किट आणि हिशेब माझ्याकडे. खोका आणि उष्णता बाहेर टाकणारा ॲल्युमिनियमचा पत्रा भागीदाराकडे. मी सांगेन तेवढ्या वॉटच्या उष्णतेला पुरेल असा पत्रा तो कापायचा.

मुलुंडला आम्ही एकाच सोसायटीत राहतो. इथल्या गणेश मंडळासाठी केलेला ॲम्प्लिफायर अजून चालतो, पण फार तापतो म्हणून मागे टेबलफॅन लावून. तो लावायचा सल्लाही माझाच. दर गणपतीत कार्यकर्ते भागीदाराला छेडणार, "काका, वर मोदक ठेवू का? मस्त वाफवून निघतील!" तो हसायचा. मी आरती म्हणत राहायचो.

यंदा मंडळाने ॲम्प्लिफायर भंगारात काढायचं ठरवलं. मी भागीदाराला आणि कार्यकर्त्यांना मंडळाच्या खोलीत बोलावलं. एकट्या भागीदाराची माफी मागून भागणार नव्हतं. हिशेब सगळ्यांसमोरच करायचा होता.

स्पीकरच्या जागी चार ओहमचा रेझिस्टर जोडला. सर्किट घेत होतं चाळीस व्होल्ट, दीड अँपिअर. म्हणजे साठ वॉट. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर बाहेर येणाऱ्या लाटेचं टोक बारा व्होल्टवर होतं.

"हा बनवला तेव्हा मी बाराचा वर्ग करून चाराने भागलं. छत्तीस वॉट आले. साठातले छत्तीस, म्हणजे कार्यक्षमता साठ टक्के. पण लाट कायम टोकावर नसते. खरी सरासरी त्याच्या निम्मी, अठरा वॉट. कार्यक्षमता तीसच टक्के. उरलेल्या बेचाळीस वॉटची उष्णता होते. मी ह्याला चोवीस सांगितली."

"मग काकांचा पत्रा?" मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं.

"चोवीससाठी अगदी बरोबर होता. चूक माझी. ॲम्प्लिफायर मंडळाला दिल्यावर थोड्याच दिवसांत ती मला कळली होती."

भागीदाराने चष्मा काढला. चिडला की तो मालवणीत जातो.

"मेल्या, ह्या पोरांनी माझी इतकी मस्करी केल्यानी, नि तू बाजूक बसान आरती म्हणी होतस?"

"हो."

तो उठला. निघाला, असंच मला वाटलं. पण त्याने खुर्ची ओढली आणि ऑसिलोस्कोपसमोर मांडली.

"परत चालू कर. आता आकडे मी वाचतंय. तुझ्या तोंडी हिशेबावर नवो पत्रो कापूचंय नाय."

मी पडदा त्याच्याकडे वळवला.