दहा वाढीव शिक्षक

कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर, झेरॉक्सवाला आणि चष्म्यांचं दुकान यांच्या मध्ये एक खोली आहे. खोली कसली, जरा रुंद बोळच. आत एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या आणि आवरण घातलेला जुना टाइपरायटर. तिथे बसणाऱ्या बाईंचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं आहे. सगळा परिसर त्यांना बिनचूकबाई म्हणतो. तोंडावरही म्हणतो, कारण त्यांना ते मनापासून आवडतं.

पस्तीस वर्षं बाईंनी लोकांचे प्रबंध टाइप केले. नुसते टाइप केले असते तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण बाई ते वाचायच्या. मार्गदर्शक वाचत नाहीत, परीक्षक वाचत नाहीत, लिहिणाऱ्याने तर वाचायचा प्रश्नच नाही. मग या बाईंनाच काय नडलं होतं? एका उमेदवाराने अर्पणपत्रिकेत लिहिलं होतं, ‘कै. वडिलांच्या स्मृतीस’, आणि पुढच्याच पानावर वडिलांनी परवा शेवटचं प्रकरण तपासून दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले होते. बाईंनी त्याला बोलावून घेतलं.

“वडील आहेत की गेले? एक काय ते ठरवा, मी तसं टाइप करते.”

“नाही, ते आभाराचं पान मी मित्राच्या प्रबंधातून घेतलंय,” तो म्हणाला.

“घ्या की. पण निदान वडील तरी स्वतःचे घ्या!”

दुसऱ्या एका अविवाहित गृहस्थाने ‘पत्नी व दोन्ही मुलांनी सोसलेल्या त्रासाबद्दल’ कृतज्ञता व्यक्त केली होती. ते वाक्य बाईंनी दुरुस्त केलं, पण त्याआधी झेरॉक्सवाल्याला वाचून दाखवलं. झेरॉक्सवाल्याला एकदा सांगितलं की वेगळ्या प्रती काढाव्या लागत नाहीत. त्या गृहस्थांचं ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं म्हणतात.

घरी मास्तर. मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, पीएच.डी. मिळवलेले, पण घरात हुद्दा शिपायाचा. त्यांचा प्रबंध तरुणपणी बाईंनीच टाइप केला होता; प्रबंध विद्यापीठात जमा झाला आणि मास्तर इथे. तेव्हापासून त्यांच्या चुका काढणं हे बाईंचं घरचं काम. मास्तरांनी भाजीची यादी केली तरी बाई तिच्यावर लाल खुणा करायच्या. “एवढे शिकलात आणि वांगी दोनदा लिहिलीत?” मास्तर चष्मा पुसायचे आणि एकदाच वांगी आणायचे.

तर अशा या नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईंकडे एक संशोधक मुलगी यायला लागली. शिक्षणशास्त्र विभागातली, तीन वर्षांपासून एकाच विषयाला चिकटलेली. विषय असा की, विभागात आजवर झालेल्या एकशे बारा प्रबंधांत कोणी कोणाचा आधार घेतला, कोणाचं नाव दिलं आणि कोणाचं गिळलं.

“आणि गं, सगळ्यात जास्त नाव कोणाचं?” बाईंनी विचारलं.

“एका परदेशी पंडिताचं, काकू. त्र्याऐंशी प्रबंधांत आहे. ग्रंथालयात त्यांचं पुस्तक बघायला गेले, तर त्याची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. पहिली मीच सोडवली.”

बाई इतक्या हसल्या की चष्मेवाला डोकावून गेला. मुलीने आवाज खाली आणला. “खरी गंमत पुढेच आहे. शिक्षकांच्या प्रामाणिकपणावर नऊ प्रबंध आहेत. वेगवेगळ्या वर्षांचे, वेगवेगळ्या माणसांचे. नऊही जणांनी दोनशे शिक्षकांना भेटून प्रश्न विचारलेत. नऊच्या नऊ प्रबंधांत पुरुष एकशे तेरा आणि बायका सत्त्याण्णव.”

बाईंचं डोकं बोटांच्या आधी चालायचं. “एकशे तेरा आणि सत्त्याण्णव? दोनशे दहा झाले की!”

“तेच तर!”

“नऊ डॉक्टर, आणि एकालाही बेरीज येईना! आणि विषय काय, तर प्रामाणिकपणा! अगं, चोरायचं तर चोरा, पण मोजून तरी चोरा!”

पुढचा आठवडा बाईंना दुसरं काम नव्हतं. दहा वाढीव शिक्षकांची गोष्ट त्यांनी झेरॉक्सवाल्याला सांगितली, चष्मेवाल्याला सांगितली, रांगेत उभ्या असलेल्या उमेदवारांना सांगितली. झेरॉक्सवाला म्हणाला, “ते दहा बदलीवर आले असतील.” चष्मेवाला म्हणाला, “नंबर वाढला की असंच दिसतं, एकाचे दोन.” ज्याने पहिल्यांदा ही चूक केली तो कोण दिवटा असेल, यावर फाटकासमोर पैजा लागल्या. “असेल कोणी तरी अर्धवट,” बाई म्हणायच्या, “असल्यांना मी माझ्या दारात उभं करत नाही.”

आठवड्याने मुलगी पुन्हा आली. आज तिचा चेहरा जरा चोरटा होता.

“काकू, त्या नऊ प्रबंधांतला सगळ्यात जुना सापडला. चौतीस वर्षांपूर्वीचा. आपल्या... म्हणजे... मास्तरकाकांचा आहे.”

बाईंनी हातातलं पान खाली ठेवलं. मास्तरांचा विषय तोच होता, पण आपल्या हातून गेलेल्या प्रबंधात चूक असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, “वाटलंच मला! हा माणूस वांगी दोनदा लिहितो!”

दुकान बंद करून बाई तरातरा घरी गेल्या. मास्तर बाहेर फिरायला गेले होते. माळ्यावरची पत्र्याची पेटी बाईंनी खाली ओढली. मास्तरांनी हाताने लिहिलेला मूळ मजकूर तिच्यात होता. चूक हातात धरूनच नवऱ्याला फैलावर घ्यायचं, या हिशेबाने त्यांनी ते पान काढलं. मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं. पुरुष एकशे तेरा. बायका सत्त्याऐंशी. एकूण दोनशे. खाली दोन रेघा मारून पडताळलेली बेरीज.

बाईंनी पान उजेडात नेलं. उलटं करून पाहिलं. सत्त्याऐंशी ते सत्त्याऐंशीच.

म्हणजे तो दिवटा, तो अर्धवट, ज्याला दारात उभं करायचं नव्हतं, तो गेली पस्तीस वर्षं त्याच दारात खुर्ची टाकून बसला होता.

पान फाडावं म्हणून बाईंनी हात उचलला. पण ज्या बाईने जन्मात कोणाचा कोरा कागद चुरगळला नाही, तिच्याने ते फाडवेना. त्यांनी ते घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि पेटी जागच्या जागी सरकवली. त्या दिवशी मास्तरांना आमटीत मीठ कमी लागलं. ते काही बोलले नाहीत.

इकडे विभागात निराळंच शिजत होतं. विभागप्रमुख सर हे त्या नऊ जणांतले चौथे. मुलीने आपलं प्रकरण त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण सर विभागप्रमुख उगाच झाले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं, “बाळ, तुझी समजूत अपुरी आहे. दहा शिक्षिकांना दोनदा प्रश्न विचारायचे, पहिलं उत्तर खरं की खोटं हे ताडून बघायला. माणसं दोनशे, उत्तरं दोनशे दहा. ही आपल्या विभागाची पद्धतच आहे.”

“पण सर, नऊही जणांचे आकडे तेच कसे?”

“शाळा त्याच, पदं तीच, मग आकडे दुसरे कुठून येणार?”

“चौतीस वर्षांत एकही जण निवृत्त नाही झाला?”

“झाला की. त्याच्या जागी दुसरा आला. शनिवारी बैठक आहे, बाहेरचे दोन परीक्षक येणार आहेत. तोवर हा चुकीचा भाग काढ, नाही तर विषय बदल.”

विषय बदलायचा म्हणजे तीन वर्षं पाण्यात. मुलगी धावत बाईंकडे आली. “काकू, मास्तरकाकांचा मूळ मजकूर असेल ना? त्यात सत्त्याऐंशी असेल तर ही नुसती टाइप करतानाची चूक ठरेल. आणि एका टेबलावरची चूक नऊ पाहण्यांत आपोआप उगवत नाही. तेवढं एक पान मिळालं की सर गप्प!”

बाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली. “वाळवी लागली गं त्याला,” त्या म्हणाल्या.

हे त्यांच्या दुकानातून बाहेर पडलेलं पहिलं चुकीचं वाक्य. म्हणजे त्यांच्या मते दुसरं.

त्यानंतर बाईंचं काही धड होईना. एका प्रबंधात त्यांनी पान पंचेचाळीस दोनदा टाकलं. मुलगी रोज समोरून डोळे पुसत जायची. बाई संगणकाआड तोंड लपवायच्या. आणि शुक्रवारी घरी आमंत्रण आलं. विभागात ‘दोनदा विचारण्याची पद्धत’ आणणारे आद्य संशोधक म्हणून मास्तरांचा शनिवारच्या बैठकीत सत्कार! सरांनी पक्का बंदोबस्त केला होता. मास्तरांनी पुष्पगुच्छ घेतला की पद्धत खरी ठरली, नऊ प्रबंध वाचले, आणि बाईंचं नावही शाबूत. बुडणार ती एकटी पोरगी.

“जाणार तुम्ही?” बाईंनी विचारलं.

“तू म्हणशील तसं.”

“मी येते बरोबर. भाषणात चुका कराल.”

शनिवारी अकराला विभागाची खोली भरली होती. पहिल्या रांगेत सर, शेवटच्या रांगेत मुलगी. सरांनी पद्धतीचं असं वर्णन केलं की ती नसती तर शिक्षणाचं कसं झालं असतं देव जाणे. “मी स्वतः त्या दहा भगिनींना पुन्हा भेटलो,” सर म्हणाले, “त्यांतल्या एकीने मला दुसऱ्यांदा चहाही पाजला.” मग मास्तरांच्या हातात पुष्पगुच्छ आला. “मास्तर, ही पद्धत कशी सुचली, ते दोन शब्दांत सांगा.”

मास्तर उभे राहिले. त्यांनी पुष्पगुच्छाकडे पाहिलं, शेवटच्या रांगेतल्या मुलीकडे पाहिलं, आणि मग बायकोकडे जरा जास्त वेळ पाहिलं. घसा खाकरला. “वय झालं हो आता,” ते पुटपुटले. “दोनदा विचारलं असेल. असेलच.”

इथे बाईंना राहवेना. त्या फार थोर मनाच्या आहेत म्हणून नव्हे. तसा गैरसमज करून घेऊ नये. पण आपल्या डोळ्यांदेखत चुकीचं वाक्य पुढे गेलं आणि आपण गप्प बसलो, असं त्यांना जमायचंच नाही. त्यातून चुकणारा कोण, तर ज्याने दोनशे दारं सायकलवर फिरून प्रामाणिकपणावर प्रबंध लिहिला तो. आणि चुकत होता कोणासाठी, तेही त्यांना एव्हाना उमगलं होतं.

“थांबा,” बाई उठल्या. “चूक आहे.”

“बाई, प्रश्न नंतर,” सर म्हणाले.

“प्रश्न नाही, उत्तरच आहे.” पर्समधून पान निघालं. “यांच्या हातचं आहे. सत्त्याऐंशी. दोनशेच्या दोनशे माणसं, प्रत्येकाला एकदाच विचारलेलं. सत्त्याण्णव मी मारलं. आठाच्या शेजारी नऊ असतो, बोट घसरलं. आणि ए पोरी, वाळवी लागली म्हणाले ना, तेही खोटं. वाळवी मला लागली होती.”

शेवटच्या रांगेतून मुलगी म्हणाली, “सर, मग काकूंचं बोट नऊ ठिकाणी कसं घसरलं?”

“पण... मी भेटलो त्यांना,” सर चाचरले. “त्या दहा जणींना.”

“कशा भेटल्या? त्या तर माझ्या टेबलावर जन्मल्या!” बाई म्हणाल्या. “एका प्रबंधात दहा, नऊ प्रबंधांत नव्वद. नव्वद शिक्षिकांची आई आहे मी, आणि मला आजवर कोणी चहा पाजला नाही!”

मग जे हसू उठलं त्यात सरांनी पाणी मागितलेलं कोणाला ऐकू गेलं नाही. बाहेरून आलेल्या दोन परीक्षकांनी तिथल्या तिथे लिहून दिलं, की विषय बदलू नये आणि प्रकरणही काढू नये. मुलीने पुढे त्यात एक तक्ता जोडला. विभागात सर्वांत जास्त उचललं गेलेलं स्वतंत्र लेखन, पहिला क्रमांक: टंकलेखिका, एक आकडा. त्या परदेशी पंडिताला लोकांनी नावापुरतं घेतलं होतं. बाईंना नाव न घेता. सरांनी आपल्या विद्यार्थ्यांना बाईंकडे जायची बंदी घातली. तरी ते मागच्या दाराने येतात आणि आधी बेरजा तपासून घेतात.

पण ते नंतरचं. त्या शनिवारी नवरा-बायको पायी घरी निघाले. मास्तरांनी पुष्पगुच्छ तिथेच टेबलावर ठेवला होता.

“तुम्हाला ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या.

“प्रबंध घरी नेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दिसलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“पाच प्रती होत्या. तू पाचही पुन्हा टाइप केल्या असत्यास. आणि तुला मागणी घालायचं तेव्हा मनात होतं. चूक काढली असती, तर हो म्हणाली असतीस?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसते म्हणाले.”

“मग?”

“चौतीस वर्षं! मी वांग्यांवरून बोलायचे तेव्हासुद्धा?”

“वांगी दोनदा लिहिली होती हे खरंच होतं.”

बाईंना हसावं की रडावं कळेना. दहा पावलं गेल्यावर त्यांनी बेतानेच विचारलं, “एवढी एकच ना?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “एकूण चार आहेत.”

बाई रस्त्यात थबकल्या. “कुठल्या पानावर?”

“आता आठवत नाही. वय झालं.”

ग्रंथालय शनिवारी दोनला बंद व्हायचं आणि तेव्हा सव्वा वाजला होता. बाईंनी पर्स काखेत मारली आणि आल्या पावली उलट्या फिरल्या. मास्तर सावलीत एका पायरीवर बसून राहिले. दोन वाजता बाई परत आल्या त्या घामाघूम होऊन. त्यांना तीन सापडल्या होत्या. चौथी अजून सापडलेली नाही; दर शनिवारी त्या जाऊन शोधतात. चौथी मुळात आहे की नाही, हे मास्तरांनी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. पण शनिवारी घरात त्यांच्या यादीला कोणी लाल खुणा करत नाही, एवढं खरं.