ठासणाऱ्याचं जेवण

नम्रपणा मला जमत नाही. खोलीतले लोक म्हणतात, तू कोथिंबिरीची जुडी आणायला गेलास तरी गड जिंकून आल्यासारखा परततोस. असेल. पण कुवेतमधल्या अर्दियातल्या वर्कशॉपमध्ये लेथसमोर उभं राहून मी परदेशातल्या डोंगरावरचं हरीण पाडलं, हे मी छाती फुगवूनच सांगणार. ज्याच्या पोटात दुखेल त्यानं ओवा खावा.

बंदूक मी चालवली नाही. त्या देशात मी कधी गेलोही नाही. पण आमच्या घरात शिकारीचं श्रेय वेगळ्या रीतीनं वाटलं जातं. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात माझे वडील, म्हणजे अण्णा, ठासणीची बंदूक भरून द्यायचे. भातात रानडुकरं घुसली की परवाना असलेला बंदूकवाला आधी आमच्या अंगणात यायचा. नेम त्याचा, बार अण्णांनी ठासलेला. डुक्कर जागच्या जागी पडलं तर ठासणाऱ्याचा वाटा घरी पोचायचा. जखमी होऊन पळालं तर बोलणी मात्र अण्णांना. म्हणून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती. आपण भरलेली बंदूक रानात गेली की जनावर पडल्याची खबर येईपर्यंत जेवायचं नाही. आई ताट झाकून ठेवायची आणि डुकराला आणि नवऱ्याला एकाच दमात शिव्या घालायची.

आमच्या वर्कशॉपचा मालक म्हातारा कुवेती आहे. आम्ही सगळे त्याला बाबा म्हणतो. पंपांचे शाफ्ट, व्हॉल्व्हचे सुटे भाग, मीना अल-अहमदीच्या तेल रिफायनरीकडच्या ठेकेदारांची अडलेली कामं, असा आमचा धंदा. बाबा दर वर्षी थंडीच्या तोंडावर युरोपातल्या एका डोंगराळ भागात हरणाच्या शिकारीला जायचा. रायफल तिकडच्याच एका बंदूक कारागिराकडे कुलपात असायची. परत आला की माझ्या लेथशेजारी स्टुलावर बसून सगळी शिकार हातवारे करून सांगायचा. अर्धं अरबी, अर्धं हिंदी, आणि हरीण दर वेळी थोडं मोठं.

मग त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं बजावलं की मोठ्या रायफलचा धक्का या खांद्याला आता सोसायचा नाही. त्याचा मुलगा म्हणाला, रायफल विकून टाकू. बाबा भांडला नाही, आणि तेच वाईट होतं. तो शॉपमध्ये यायचा, ऑफिसात बसायचा आणि घरी जायचा. स्टूल तसंच पडून राहिलं.

तोड काढली तिकडच्या कारागिरानं. बाबा ज्या लहानखुऱ्या हरणाच्या मागे जातो, त्याला तिथल्या कायद्यानं बारीक गोळी चालते. मोठ्या काडतुसाची पितळी पुंगळी घ्यायची, तिची मान दाबून अरुंद करायची आणि तीत बारीक, वेगवान गोळी बसवायची. धक्का निम्म्यावर येतो. असं काडतूस कुठलाच कारखाना बनवत नाही, हौशी लोक स्वतःच घडवतात. इंग्रजीत त्याला वाइल्डकॅट म्हणतात, म्हणजे रानमांजर. नळी तो कारागीर करणार होता, दारूही तिकडे तोच भरणार होता. राहिला पुंगळीची मान दाबायचा पोलादी साचा, आपण ज्याला डाय म्हणतो. तोही त्यानं केला असता, पण बाबा हट्टाला पेटला. आपलं वर्कशॉप असताना डाय दुसरा का करेल?

तो ड्रॉइंग घेऊन आला आणि कितीतरी दिवसांनी स्टुलावर बसला.

"सदीग, इंता सव्वी?" दोस्ता, करशील का?

"बाबा, मैं नहीं करेगा तो कौन करेगा?"

मुलानं मला नंतर बाजूला घेतलं. भला माणूस, बापाच्या काळजीनं पोखरलेला. म्हणाला, "एकदा घेऊन जातो. पण त्या छोट्या गोळीनं हरीण जखमी होऊन पळालं, तर बाबा स्वतःच रायफल टाकेल. मग तो कशासाठीच घराबाहेर पडणार नाही." हे ऐकल्यावर माझ्या छातीतली हवा जरा कमी झाली.

फोनवर अण्णांना सांगितलं. ते हसले. "येवढ्याशा गोळीनं हरान पडतंय काय रं? उंदीर मारायचाय काय?"

"गोळी बारीक हाय, पन जाते लय जोरात. जाग्यावर बसली की झालं."

"मंग भरनाऱ्यानं चुकून चालायचं नाय."

"मी भरत नाय, अण्णा. मी नुसता साचा करतोय."

"त्येच त्ये," ते म्हणाले.

डाय देखणी झाली. आतून अशी घासली की तोंड दिसावं. कारागिरानं रीतसर कागद करून थोड्या कोऱ्या, रिकाम्या पुंगळ्या पाठवल्या होत्या. पहिली दाबून बाहेर काढली तर मान सुरेख, पण मानेखालच्या उतारावर पोचे. दुसरीवरही तेच. मी डाय पुन्हा मोजली, पुन्हा घासली. पोचे कायम. चिडून दुसरी डाय केली. तिच्यातूनही पुंगळी निघाली ती देवी आलेल्या तोंडाची. अशी पुंगळी कारागीर हातात धरणार नाही, हे मला ठाऊक होतं. आणि प्रत्येक वेळी मी तेल आणखी सढळ हातानं लावत होतो, कारण या वाळूच्या मुलखात आम्हा सगळ्यांचा एकच मंत्र आहे, अडलं की तेल घाल.

त्याच दिवसांत गणपती आले. आम्ही खोलीत कपाटावर लहानशी मूर्ती बसवतो आणि दूध पावडर आणि आमरस आटवून साच्यात मोदक पाडतो. त्या संध्याकाळी माझा राजापूरचा खोलीवाला, धंद्यानं रंगारी, साच्यात तुपाची धार सोडत होता. मोदक निघाला तर कळ्या गायब, टोकाला खड्डा. मी आधीच वैतागलेला. ओरडलो, "अरे, तूप किती ओततोस! तूप दाबलं जात नाही. ते साच्यात जागा अडवून बसतं, आणि मोदकाला..."

पुढचं वाक्य मी बोललोच नाही. रंगारी वाट बघत होता की शिवी कधी येते. मी त्याच्या हातातला मोदक घेतला, खड्ड्यासकट खाऊन टाकला आणि त्याला मिठी मारली. तो अजून सांगतो की त्या दिवशी याला ऊन लागलं होतं.

सकाळी दोन्ही डाय कोरड्या पुसल्या. पुंगळीला तेलाचं बोट लावलं आणि तेही फडक्यानं टिपून घेतलं. दाबली, काढली. आरशासारखी. दोष डायचा नव्हताच, पहिल्या डायचासुद्धा नव्हता! मी बाबाला हाक मारली ती पलीकडच्या गॅरेजपर्यंत गेली असेल. त्यानं पुंगळी उजेडात फिरवून फिरवून पाहिली आणि माझ्या गालाची पापी घेतली.

डाय गेली, काडतुसं तिकडे तयार झाली, बाप-लेक विमानात बसले. शिकारीच्या दिवशी सकाळी मुलाचा मेसेज आला की आम्ही डोंगरावर निघालोय. मी अण्णांना फोन करून तेवढंच कळवलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. मी नाश्ता केला नाही. दुपारी रंगाऱ्यानं बांगड्याचं कालवण केलं, सगळ्या जिन्यात वास सुटला, तरी मी पानावर बसलो नाही.

"आज काय एकादशी?" त्यानं विचारलं.

"आज रायफल रानात गेलीय," मी म्हणालो. त्यानं माझं पान झाकून ठेवलं.

ऊन कलल्यावर व्हिडिओ कॉल आला. मागे धुकं, पुढे मुलाचं लाल झालेलं नाक आणि वर केलेलं एक बोट. "वाहिद! एक गोली! वहीं बैठ गया, एक कदम नहीं चला!" मग पडद्यावर बाबा आला. कानटोपी डोळ्यांवर घसरलेली. त्यानं ऑपरेशनच्या खांद्यावर दोनदा थाप मारून दाखवली आणि म्हणाला, "अगले साल भी, सदीग." मला रडू आलं. रंगाऱ्यासमोर आलं, आणि मी ते लपवलं नाही.

घरी फोन लावला तो आईनं उचलला. गावाकडे दिवेलागण होऊन गेली होती.

"तुज्या फोनपास्नं ह्येनी पान्याशिवाय काय घ्येतलं नाय," ती कावली होती. "या वयात! बोल आता त्येंच्याशी."

अण्णा फोनवर आले. "पडलं काय?"

"पडलं. येकाच बारात."

"जाग्यावर?"

"जाग्यावर, अण्णा."

 मग फोन तोंडापासून दूर धरून त्यांनी आईला हाक दिली, "वाढ गो." आणि मला म्हणाले, "तू बी बस. ठासनाऱ्यानं आता जेवायचं."

मी झाकलेलं पान पुढे ओढलं. फोन दोघांनीही बंद केला नाही. तिकडून त्यांच्या ताटाचा आवाज येत होता, इकडून माझ्या, आणि बराच वेळ आम्ही नुसते जेवत राहिलो.