उंबऱ्याबाहेरचा मामा

सुरुंगमामा चावायचा. खोटं नाही सांगत. शेणवे गावातल्या एका लग्नात दोन पोरांनी न विचारता त्याला चाकांच्या खुर्चीसकट उचललं आणि हॉलच्या पायऱ्या चढवायला लागली. मामाने एकाच्या मनगटाचा असा लचका तोडला की टाके घालावे लागले. नवरदेवाच्या बापाने वर मामाच्याच कानाखाली वाजवली. मामाने ओठाचं रक्त पुसलं आणि पायऱ्यांखालीच ताट मागितलं.

माझ्या आईचा हा धाकटा भाऊ. मुरबाडकडच्या दगडखाणीत सुरुंग लावायचा, म्हणून हे नाव. एका सुरुंगाने त्याचे दोन्ही पाय मांडीपासून नेले. दंड आणि तोंड तेवढं शाबूत राहिलं. "मी काय भाताचं पोतं हाय, उचलायला?" हे त्याचं नेहमीचं वाक्य. त्यापुढची शिवी इथे लिहिता येत नाही.

आमच्या घराला वीतभर उंचीचा दगडी उंबरा होता. आई रोज त्याला हळदकुंकू वाहायची. उंबरा काढला तर घराचं वाटोळं होईल, असं तिचं ठाम मत. त्यामुळे मामाची भाऊबीज अंगणातच. आई बाहेर येऊन ओवाळायची आणि लगेच दोघं कचाकचा भांडायची. "तुला दगड जवळचा, भाऊ लांबचा," तो म्हणायचा. एकदा तिने चिडून ओवाळणीचं ताटच त्याच्या अंगावर भिरकावलं होतं.

मग गावात पंचायतीची नवी इमारत उठली. मामाने ग्रामसभा उधळून लावून इमारतीच्या दाराला खुर्चीसाठी उतार करून घेतला. उतार झालाही झकास. पण उद्घाटनाच्या आधी आमच्या जाणत्या मंडळींनी काय करावं? बिनउंबऱ्याचं दार अशुभ म्हणून उताराच्या टोकाला काळ्या दगडाचा उंबरा बसवला, चांगली पूजाबिजा करून! मामाला अडवायचं कुणाच्याच मनात नव्हतं हो. डोक्यातच आलं नाही कुणाच्या.

उद्घाटनाला मामा उतार चढला आणि दाराशी चाकं अडली. लोक उचलायला धावले. त्याने खुर्चीखालून खाणीतला घण काढला. पहिल्याच घावाला कपची उडून एकाची भुवई फुटली. पुजलेला उंबरा फोडला म्हणून ओरडा झाला आणि माणसं त्याच्यावर तुटून पडली. खुर्ची उलटली. लाथा, चपला, काठ्या. डोकं फुटलं, दात पडले, तरी पडल्या पडल्या तो घण हाणतच होता. आई त्याच्या अंगावर आडवी पडली, तिच्याही बरगडीत लाथा बसल्या, तेव्हा कुठे ते थांबले. तोवर उंबऱ्याचे दोन तुकडे झाले होते.

किन्हवलीच्या दवाखान्यात टाके घालून त्याला घरी आणलं. घरी म्हणजे अंगणात. आई त्याच्या सुजलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने त्याचाच घण उचलला आणि जन्मभर पुजलेला आपला उंबरा फोडायला लागली. रडत होती आणि मामाला शिव्या घालत होती. त्या वेळी मला तिचीच भीती वाटली.

"ये आता मुडद्या," ती म्हणाली.

मामाने स्वतःच्या हातांनी चाकं फिरवली, ठिकऱ्यांवरून धडधडत थेट चुलीपाशी गेला आणि चहा मागितला. पुढे भाऊबीज घरातच झाली, भांडणासकट. पंचायतीच्या दारात पुन्हा उंबरा बसवायची कुणाची छाती झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात मामा आमच्याच घरात वारला. चौघांनी त्याला उचललं आणि तो कुणाला चावला नाही. तिथे मला रडू फुटलं. आई दारात उभी होती, जिथे उंबरा नाही तरी ती अजून हळदकुंकू वाहते.

"जपून रे," ती त्या चौघांना म्हणाली, "त्याला उचललेलं खपत नाय."