गंधाराचा चोर

अकरावीत असताना मी रोज धाडहून एसटीने बुलढाण्याला जायची. एकदा कॉलेजच्या ग्रंथालयातून एक जाड कादंबरी आणली. पुठ्ठा निघालेला, लेखकाचं नाव असलेलं पानही गेलेलं. आणली ती बाबांसाठी, कारण तिच्यात गाणं होतं.

बाबा आमच्या वस्तीच्या गायन पार्टीचे मुख्य गायक. चौदा एप्रिलच्या जयंतीला आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणं यायचं. त्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. बोलता यायचं, पण वाळक्या पाल्यावरून कुणी चालल्यासारखं. पार्टीची माणसं भेटायला आली की ते मागच्या दाराने शेताकडे निघून जायचे. आईशीसुद्धा हो-नाही एवढंच बोलत.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोठ्याने वाचू लागले. गोष्ट एका जुन्या शहरातली होती. तिथे एके सकाळी गंधार नाहीसा होतो. कुणाच्या गळ्यातून निघत नाही, सतारीवर वाजत नाही, आणि असा एक स्वर होता हेसुद्धा लोक विसरून जातात. मग धैवत जातो. फक्त एका म्हाताऱ्या संगीत पंडिताला सगळं आठवत असतं आणि तो चोराच्या शोधाला लागतो.

पहिले दोन दिवस बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. तिसऱ्या दिवशी मी एक परिच्छेद गाळला, तर म्हणाले, "मधलं काऊन सोडलं वं? वाच."

पुढे ते माझ्या एसटीची वाट पाहू लागले. मी हातपाय धुवायच्या आत विचारायचे, "पुस्तक काढलं का?" आई चुलीपाशी हसायची.

एका संध्याकाळी त्यांनी मला थांबवलं. "चोर समजला मले. तो पंडितच हाय."

"बाबा, तोच तर शोधून राह्यला!"

"सगळं शहर गंधार विसरलं. मंग त्याले एकट्यालेच कसा आठवते? ज्याच्यापाशी असंन त्यालेच आठवंन ना!"

इतकी पानं वाचून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

आणि पुढच्याच आठवड्यात कळलं की शेवटची पानं फाटलेली आहेत. ग्रंथालयाच्या बाईंकडे दुसरी प्रत नव्हती. घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "वही घे. मी सांगतो, तू लिव."

त्यांनी सांगितलं ते असं. पंडिताचा गळा थकत चालला होता. आपला आवाज गेल्यावर इतरांनी गावं हे त्याला सहन होणार नव्हतं, म्हणून तो एकेक स्वर घरात आणून कोंडत होता. मी विचारलं, "मग?"

"मंग काही नाही. एक दिवस त्यानं खिडकी उघडली अन् सोडून देल्ले."

"आणि त्याचं काय झालं?"

"तो आयकत बसला."

मी वहीतून मान वर केली नाही.

त्या रविवारी पार्टीची माणसं आली तेव्हा बाबा शेताकडे गेले नाहीत. नव्या गायकाच्या शेजारी बसले आणि तो चुकला की त्याच्या गुडघ्यावर बोट मारू लागले.

नोकरीसाठी पुण्याला आल्यावर, बऱ्याच वर्षांनी, जुन्या पुस्तकांच्या दुकानात चाळता चाळता गंधार नाहीसा होतो ते पान दिसलं. तीच कादंबरी. अखंड होती. मी उभ्या उभ्या शेवट वाचला आणि तिथूनच फोन लावला. "बाबा, चोर पंडित नव्हता. त्याचा शिष्य होता."

पलीकडून तोच घोगरा आवाज. "मंग त्या शिष्यालेही गंधार आठवाले पाह्यजे होता. कुठी लिवलं हाय तसं?"

मी पानं पुन्हा चाळली. कुठेच नव्हतं.

"चुकला तो लिवणारा," बाबा म्हणाले, आणि फोन तसाच हातात धरून आईला हाक मारून तिलाही सगळं समजावून सांगायला लागले.