दाखवायचं कार्ड वेगळं, विकायचं वेगळं

जुने पार्ट घेऊन गेमिंग कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांनो, हे वाचा.

माझी मुलगी आर्या शिकवण्यांच्या कमाईतून स्वतःचा कॉम्प्युटर जुळवतेय. आज दुपारी उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात तिनं जुनं ग्राफिक्स कार्ड पसंत केलं. त्याच्या पंख्याचं एक पातं तुटलेलं होतं, पण दुकानदारानं त्यावर गेम चालवून दाखवला. मग पॅकिंगसाठी कार्ड आत नेलं.

घरी डबा उघडला तर सगळी पाती शाबूत. कार्ड लावलं तर स्क्रीन काळी.

आम्ही तसेच परत गेलो.

"काका, मग उलट चांगला पीस मिळाला की तुम्हाला," दुकानदार हसत म्हणाला. "जुन्या मालाला गॅरंटी नसती."

"मला ते तुटक्या पात्याचंच द्या," आर्या म्हणाली.

"ते गेलं ना ताई."

ते शेजारच्याच मशीनमध्ये लावलेलं होतं, तोच तुटक्या पात्याचा पंखा फिरत होता. सिल्लोडहून आलेला एक गिऱ्हाईक त्यावरचा गेम बघत होता.

"दादा, मलाही हेच दाखवलं होतं," आर्यानं त्याला सांगितलं.

"काका, पोरीला आवरा."

मी आवरलं नाही.

गिऱ्हाईक म्हणाला, "मग हेच काढून द्या. असंच पिशवीत टाकतो."

"हा पीस विकायचा नाय," दुकानदार म्हणाला.

या दुकानदाराच्या लबाडीबद्दल माझ्या मनात आता कसलीही शंका नाही. त्यानं फसवलेले आणखी कोण आहात? उद्या आमच्याबरोबर दुकानात याल?