एक मार्चची उडी

घाटनांदूरच्या माझ्या मित्राचं कापडाचं दुकान होतं. त्याच्या मनगटावर आजोबांनी हैदराबादेत घेतलेलं घड्याळ असे. कोणता महिना किती दिवसांचा, लीप वर्ष कोणतं, हे त्यातल्या चाकांना ठाऊक होतं. फेब्रुवारी संपला की ते अठ्ठावीसवरून थेट एकवर उडी मारी. किल्ली मात्र रोज द्यावी लागे. चुकली की सगळं पुन्हा जुळवायचं. शौकीन लोक अशा घड्याळांमागे का लागतात, असं मी त्याला एकदा विचारलं.

"समदं कळतंय त्याला," तो म्हणाला, "पण माणूस लागतोच."

माझं घड्याळ साधं. एक मार्चला ते एकोणतीस दाखवी. मी बीडच्या एका दैनिकात उपसंपादक. पहिल्या पानावरची तारीख तपासणं माझं काम. त्यामुळे त्या सकाळी त्याचा फोन ठरलेला.

"तारीख किती हाय बे आज?"

"एक."

"घड्याळात बघून सांग."

"एकोणतीस."

"आन् तू पेपर काढतूस!"

मी निवृत्त झालो, पत्नी गेली, फोन कमी झाले. एक मार्चचा हा मात्र दर वर्षी येत राहिला.

गेल्या दिवाळीनंतर तो वारला. फेब्रुवारीच्या मध्यावर त्याच्या मुलाने बोलावलं. पुण्याचे एक संग्राहक दुसऱ्या दिवशी घड्याळ न्यायला येणार होते. ते नोव्हेंबरात थांबलं होतं; तारीख जुळवून हवी होती.

बाजूची बारीक कळ दाबली की तारीख एक दिवस पुढे जाते. मी दाबत गेलो. आजची तारीख आली, तरी थांबलो नाही. अठ्ठावीस आली. आणखी एकदा दाबलं. एक मार्च. इतकी वर्षं ऐकलेली उडी मी पहिल्यांदा पाहिली.

"काका, लई पुढं गेलं की! मागं घ्या."

"मागे येत नाही. बंद ठेवायचं. ती तारीख उजाडली की किल्ली द्यायची."

"मग तवर तुमच्याकडंच राहू द्या. त्यांना मार्चात बोलावतो."

चूक झाली, असं मी त्याला म्हणालो. ते खरं नव्हतं.

एक मार्चला सकाळी मोबाइल समोर ठेवून नऊपर्यंत बसलो. मग त्या घड्याळाला किल्ली दिली. ते चालू झालं.

दुपारी मुलगा आला. घड्याळ रुमालात गुंडाळताना त्याची नजर माझ्या मनगटावर गेली.

"काका, तुमच्यात एकोणतीस दाखवतंय."

"हो," मी म्हणालो.

तो गेल्यावरही मी ती तारीख बदलली नाही.