उलट्या चाकांचं टेबल

हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पत्रे कापायच्या मशीनवर बाईला घेत नसत. जाड पत्रा क्रेन टेबलावर आणून ठेवी, पण तिथून तो पात्याखाली सरकवायला चार माणसं लागत. मी आयटीआय केलेलं, मशीन चालवायला शिकलेली, तरी दोन वर्षं पॅकिंगलाच होते.

फोरमन माझ्या वडिलांच्या वयाचे. मशीनवर घ्या म्हणून त्यांना पुन्हा विचारलं.

"पत्रा सरकवशील काय तू? पोट्ट्यांच्या कमरा गेल्या इथं."

एकदा जेवणाच्या सुट्टीत भंगारात उलटी पडलेली एक ट्रॉली दिसली. चाकं वर, चारी दिशांना फिरणारी. त्यांवर सहज पत्र्याचा एक तुकडा ठेवून बोटानं ढकलला. तो सरकला, वळलाही. मी तशीच फोरमनकडे गेले.

"काका, टेबलावर अशी चाकं लावून पाहू काय?"

"रविवारी कर. मशीन बंद राहते."

वेल्डिंग मला येत होतं. भंगारातल्या ट्रॉल्यांची धड चाकं काढून मी टेबलावर उलटी बसवली. सोमवारी सगळ्यांसमोर पत्रा ठेवला. तो हातभर गेला नि अडकला. काही चाकं बुटकी होती, शिवाय दोन चाकांमधल्या फटीत पत्र्याची कड खाली झुकत होती. मागं कोणी तरी हसलं.

"काढून टाक ते," फोरमन म्हणाले.

"मले एक आठवडा द्या, काका."

त्यांनी आठवडा दिला; दिवसा चौघं मिळून पत्रा कसाबसा पुढे नेत. प्रत्येक संध्याकाळी घरी जाण्याआधी मी दोरी ताणून उंची मोजली. बुटक्या चाकांखाली वॉशर घातले. फटींमध्ये आणखी चाकं बसवली. हातांवरचे काळे डाग घरी जाऊन घासले तरी निघत नसत. आई विचारी, "काहून एवढी झिजून राहिली वं?" मी जेवून झोपून जाई.

पुढच्या सोमवारी क्रेननं पत्रा ठेवला. मी दोन्ही तळवे लावून ढकललं. तो इतका सहज निघाला की माझाच तोल गेला, नि पत्रा थेट पलीकडच्या कडेकडे धावला. फोरमननी फळी आडवी घालून तो अडवला.

"सरकतो तर खरा," ते म्हणाले, "पण थांबवशील कसा?"

दुपारपर्यंत मी टेबलाच्या कडेला लोखंडी अडसर जोडला. मग फोरमन स्वतः एकटे उभे राहिले, पत्रा पुढे नेला, वळवला, मागे आणला. तीनदा. आत जाऊन त्यांनी पाळीच्या फळ्यावरचं पॅकिंगमधलं माझं नाव पुसलं, नि खडूनं कापायच्या मशीनपुढे लिहिलं.